डबल आयपीए कशी चाखावी आणि कशी जोखावी

डबल आयपीए म्हणजे इंडिया पेल एल (आयपीए) या कडवट बिअरचा अधिक जहाल प्रकार. तिच्याबद्दल पहिल्या घोटात मत बनवणे सोपे असते आणि ते मत बहुधा टिकत नाही. पहिल्या घोटाला जिभेला कडवटपणाचा धक्का बसतो, त्यामागून अल्कोहोलची ऊब येते आणि पिणारा एक तर ग्लास बाजूला सारतो किंवा बिअर किती जहाल आहे याच्याच कौतुकात रमतो. माझे मत असे आहे, की या बिअरला दोन प्रश्न मनापासून विचारावेत: हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, गंध अजून ताजा आहे का, आणि घोट गिळल्यानंतर तोंड स्वच्छ आणि कोरडे राहते का. कडवटपणाचा आकडा आणि अल्कोहोलचे प्रमाण यांची मदत या दोन प्रश्नांची उत्तरे समजून घेताना होते, पण ते आकडे मोठे असणे हा काही बिअरचा गुण नव्हे.

आधी ही बिअर नेमकी काय आहे हे थोडक्यात पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन यांच्या ब्रुअरीतली फिकट रंगाची, भरपूर हॉप्स घातलेली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईतल्या इंग्रजांसाठी येऊ लागली. हीच बिअर पुढे इंडिया पेल एल म्हणून ओळखली गेली. १८२० च्या दशकात बर्टन अपॉन ट्रेंट या गावातल्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअरी या व्यापारात उतरल्या आणि पुढे गेल्या. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम मुबलक असते, आणि त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा रेंगाळून चिकट न होता टोकदार व कोरडा लागतो. आजही आयपीए बनवणारे अनेक ब्रुअर पाण्यात मुद्दाम जिप्सम घालतात ते याच कारणासाठी.

डबल आयपीए मात्र अमेरिकेची आहे. १९९४ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे ब्लाइंड पिग या छोट्या ब्रुअरीत विनी सिलुर्झो यांनी आपल्या पहिल्या बिअरसाठी आयपीएच्या कृतीतले हॉप्स दुप्पट केले आणि माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, सुमारे तीस टक्क्यांनी वाढवले. यंत्रसामग्री जुनी होती, तिच्यामुळे बिअरमध्ये काही दोष उतरलेच तर ते हॉप्सखाली झाकले जावेत, असा त्यामागचा व्यावहारिक विचार होता. याच सिलुर्झो यांनी पुढे रशियन रिव्हर ब्रुअरीत २००० साली ‘प्लिनी द एल्डर’ बनवली. तिच्यात ८ टक्के अल्कोहोल असते, आणि इतके असूनही ती हलकी व कोरडी लागते. माझ्यासाठी तीच या प्रकारचा मापदंड आहे. चाखणाऱ्याने या जन्मकथेतून एक गोष्ट लक्षात ठेवावी: भरपूर हॉप्सखाली दोष लपू शकतात, म्हणून हॉप्सच्या पलीकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या अमेरिकी संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत डबल आयपीएसाठी ७.५ ते १० टक्के अल्कोहोल आणि ६० ते १०० आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) अशी मर्यादा दिली आहे. साध्या अमेरिकन आयपीएत हेच आकडे ५.५ ते ७.५ टक्के आणि ४० ते ७० आयबीयू असे आहेत. भारतात ५ टक्क्यांहून अधिक आणि ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर ‘स्ट्राँग’ समजली जाते, पण दुकानात त्या नावाने मिळणारी बिअर बहुतेक वेळा बेताच्या हॉप्सची लागर असते. तिच्या आठवणीवरून डबल आयपीए जोखू नये, कारण दोघींत अल्कोहोलच्या आकड्याखेरीज फारसे साम्य नाही. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली आणि नंतर पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरींची संख्या वाढत गेली. तिथे टॅपवर मिळणारी आयपीए बहुधा साध्या ताकदीची असते. तिलाही हीच पद्धत लागू पडते, फक्त अल्कोहोलविषयीच्या अपेक्षा खाली आणाव्यात.

दुकानातली पहिली परीक्षा

बाटली किंवा कॅन हातात घेतल्यावर नाव वाचण्याआधी तारीख शोधावी. हॉप्सचा गंध ज्या तेलांमुळे येतो ती फार नाजूक असतात. ऑक्सिजन, उष्णता आणि काळ या तिघांपुढे ती टिकत नाहीत, आणि डबल आयपीएत तर सगळी मदार त्यांच्यावरच असते. जास्त अल्कोहोलची बिअर साठवून ठेवल्यास सुधारते, ही समजूत बार्ली वाइन किंवा इम्पीरियल स्टाउटच्या बाबतीत काही अंशी खरी आहे; डबल आयपीएच्या बाबतीत ती नुकसान करते. प्लिनीच्या लेबलवरच ती ताजी प्यावी आणि साठवू नये असे बजावलेले असते.

अमेरिकेतले बरेच चांगले ब्रुअर कॅनच्या तळाशी पॅकिंगची तारीख छापतात, आणि भारतात लेबलवर उत्पादनाची तारीख असते. माझा नियम असा आहे, की सतत थंड ठेवलेली बिअर सहा आठवड्यांच्या आत असेल तर ती निर्धास्तपणे घ्यावी, तीन महिन्यांपर्यंतची असेल तर सावधपणे घ्यावी आणि त्यापुढची घेऊ नये. ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ एवढेच छापलेले असेल तर तिच्यावर विसंबू नये, कारण ती मुदत बिअर पिण्यालायक राहण्याची असते, हॉप्स ताजे राहण्याची नसते. दुकानदाराने बिअर फ्रिजमध्ये ठेवली आहे की उघड्या फळीवर, हेही पाहावे. तापमान दहा अंशांनी वाढले की बिअर शिळी होण्याचा वेग साधारण दुपटी-तिपटीने वाढतो. त्यामुळे मे महिन्यात मुंबईच्या दुकानात फळीवर महिनाभर राहिलेली आयपीए आणि तीच फ्रिजमध्ये राहिलेली आयपीए या चवीच्या दृष्टीने वेगळ्या बिअर असतात. अमेरिकेतून येणारे नातलग कौतुकाने सुटकेसमध्ये घालून कॅन आणतात. त्यांचे प्रेम मानावे, बिअर आल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवावी आणि त्याच आठवड्यात उघडावी, पण तिच्यावरून त्या ब्रुअरीविषयी मत बनवू नये.

बाटलीपेक्षा कॅन बरा. कॅनमध्ये प्रकाश शिरत नाही, तर बाटलीच्या बुचाच्या कडेतून कालांतराने थोडा ऑक्सिजन आत जाऊ शकतो. बाटलीच असेल तर ती तपकिरी काचेची असावी. हिरव्या आणि पारदर्शक काचेतून प्रकाश आत जातो आणि हॉप्सच्या कडू घटकांपासून एक गंधकयुक्त, अतिशय उग्र वासाचे संयुग तयार होते. उन्हात हे काही मिनिटांत घडते. टॅपवरची बिअर असेल तर केग (बिअरचे पिंप) कधी लावला हे विचारायला संकोच करू नये; चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचे आनंदाने उत्तर मिळते.

ग्लास, तापमान आणि वेळ

पाइंटचा सरळ ग्लास या कामाला योग्य नाही. वर निमुळता होत जाणारा, ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास वास धरून ठेवतो. तो नसेल तर घरातला वाइनचा ग्लास उत्तम काम करतो. ग्लासावर तेलाचा किंवा साबणाचा अंश असेल तर फेस बसतो आणि काचेला आतून बुडबुडे चिकटून राहतात. म्हणून ग्लास धुतल्यावर भरपूर साध्या पाण्याने विसळावा, फडक्याने न पुसता उपडा ठेवून निथळू द्यावा आणि ओतण्याआधी पुन्हा एकदा थंड पाण्याने ओला करावा. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास कदापि वापरू नये.

घरच्या फ्रिजमध्ये बिअर तीन-चार अंश सेल्सिअसवर असते. त्या तापमानाला गंध दबलेला असतो आणि जीभ बधिर होते. चाखण्यासाठी सात ते दहा अंश हे तापमान चांगले. बिअर फ्रिजबाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे ठेवली की ती साधारण तिथे पोहोचते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याहून कमी वेळ पुरतो. त्यानंतर ग्लास हातात असताना ती हळूहळू आणखी कोमट होत जाते. हा बदल मुद्दाम पाहायचा असतो, कारण थंडपणाने झाकलेले दोष कोमटपणात उघडे पडतात.

चाखण्याआधी तासभर चहा, कॉफी, पान, तंबाखू आणि तिखट खाणे टाळावे. खोलीत उदबत्ती नसावी, अंगावर अत्तर नसावे. जवळ साधे पाणी आणि बिनमिठाचा साधा पाव ठेवावा. चाखायला १०० ते १५० मिलिलिटर बिअर पुरेशी होते. ८ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ४० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या जवळपास अडीच बाटल्यांइतके. त्यामुळे एक कॅन तिघांत वाटून घेणे परीक्षेच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. एकाच वेळी अनेक बिअर चाखायच्या असतील तर डबल आयपीए शेवटी ठेवावी. तिच्यानंतर कोणतीही सौम्य बिअर पाण्यासारखी लागते, आणि तो त्या बिअरवर अन्याय होतो.

डोळ्यांनी पाहणे

ग्लास किंचित तिरका धरून ओतावे आणि शेवटी सरळ करून दोन बोटे फेस येऊ द्यावा. रंग फिकट सोनेरी ते नारिंगी तांबूस असावा. प्लिनीच्या वळणाची, म्हणजे वेस्ट कोस्ट पद्धतीची बिअर पारदर्शक किंवा अगदी किंचित धूसर असते. हॉप्समधले कडू घटक फेस घट्ट करतात, म्हणून या बिअरचा फेस शुभ्र, दाट आणि टिकाऊ असायला हवा, आणि घोटागणिक काचेवर त्याची जाळी राहायला हवी. फेस झटकन विरला तर आधी ग्लासच्या स्वच्छतेवर संशय घ्यावा, मग बिअरवर. दिसण्याला यापेक्षा जास्त वेळ देऊ नये, कारण तोवर वास उडून जात असतो.

वास: निम्मी परीक्षा इथेच

ओतल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट सर्वांत मोलाचे असते. ग्लास नाकापासून थोडा दूर धरून एकदा नाकाखालून फिरवावा आणि जो पहिला ठसा उमटेल तो शब्दांत पकडावा. मग ग्लास हलकेच गोल फिरवून, तोंडावर तळहात ठेवून, हात काढताच दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत. एक दीर्घ श्वास ओढण्यापेक्षा छोटे हुंगे जास्त सांगतात. नाक लवकर थकते. तसे वाटल्यास आपल्याच बाहीचा किंवा मनगटाच्या मागच्या बाजूचा वास घ्यावा आणि पुन्हा ग्लासकडे वळावे. सोबत कोणी असेल तर प्रत्येकाने आपापले लिहून होईपर्यंत बोलू नये. शेजारच्याने ‘आंबा’ म्हटले की आपल्यालाही आंबाच येऊ लागतो, आणि मग आपले नाक काय म्हणत होते हे कधीच कळत नाही.

वासात काय शोधायचे हे समजण्यासाठी हॉप्स बिअरमध्ये दोन वेगळ्या वाटांनी येतात हे माहीत हवे. उकळताना घातलेल्या हॉप्समधली अल्फा आम्ले उष्णतेने रूपांतरित होऊन कडवटपणा देतात, पण त्यांची सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. उलट उकळ संपल्यावर आणि किण्वनानंतर थंड बिअरमध्ये टाकलेले हॉप्स मुख्यतः गंध देतात. किण्वनानंतर हॉप्स टाकण्याच्या पद्धतीला ड्राय हॉपिंग म्हणतात. यामुळेच एखादी बिअर अतिशय कडू असून वासाला मुकी असू शकते, तर दुसरी वासाने घर भरून टाकते आणि जिभेवर मात्र सौम्य असते. डबल आयपीएत दोन्ही वाटा भरपूर वापरलेल्या असाव्यात, आणि वास ग्लासातून आपणहून वर यायला हवा. तो शोधावा लागत असेल तर बिअर शिळी आहे किंवा ब्रुअरने हात आखडता घेतला आहे.

हॉप्सच्या जातींचे वास ओळखायला वेळ लागतो, पण काही ओळखी लवकर पटतात. १९७२ साली आलेला कॅस्केड हा अमेरिकी हॉप पपनसाच्या सालीकडे आणि फुलांकडे झुकतो. सेंटेनियलमध्ये लिंबू आणि फुले असतात. चिनूक आणि कोलंबस चिडाच्या झाडाच्या राळेकडे, मिरपुडीकडे जातात. अमरिलोत संत्र्याची साल आणि जर्दाळू मिळतो. सिमकोमध्ये राळ आणि फळे एकत्र येतात. सिट्रामध्ये आंबा, लिची आणि लिंबाची साल असते. मोझॅइकमध्ये पिकल्या फळांच्या जोडीला एक ओलसर हिरवेपणा असतो. बिअरमध्ये पेरूचा वास आला तर तो मनाचा खेळ समजू नये: काही हॉप्समध्ये थायॉल गटातली जी संयुगे सूक्ष्म प्रमाणात असतात, तीच पेरूत आणि पॅशनफ्रूटमध्येही असतात. तसेच गांजासारखा दाट, ओला, चिकट वास आला तर दचकू नये, कारण हॉप आणि गांजा या एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि हा वास अनेक वेस्ट कोस्ट बिअरमध्ये हवासा मानला जातो.

फळाचे नाव लिहिताना ते कच्चे, पिकलेले, सालीचे की मुरांब्याचे हेही लिहावे, कारण बिअरच्या वयाचा पत्ता तिथे लागतो. ताज्या डबल आयपीएत साल सोलताना उडणाऱ्या तुषारांचा तीक्ष्णपणा असतो. वय वाढले की तोच वास शिजवलेल्या फळाकडे, मग मधाकडे आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याकडे सरकतो. हॉप्स ओळखून झाल्यावर त्यांच्याखाली काय आहे ते शोधावे. माल्टचा वास पावाच्या कवचासारखा, अगदी पार्श्वभूमीला असावा. टॉफी किंवा जळक्या साखरेचा वास ठळक असेल तर मी गुण कापतो, कारण जड कॅरॅमल माल्ट हॉप्सचा टवटवीतपणा मारून टाकते.

घोट

पहिला घोट केवळ तोंडाची ओळख करून देण्यासाठी असतो; त्यावर काहीही लिहू नये. दुसरा घोट पंधरा-वीस मिलिलिटरचा घ्यावा, जिभेवर सर्वत्र पसरू द्यावा आणि गिळावा. कडू चव फक्त जिभेच्या मागच्या भागाला कळते हा समज चुकीचा आहे. ती सगळ्या जिभेला कळते, पण ती हळूहळू चढते आणि सर्वांत शेवटी उतरते, म्हणून वाइनसारखे थुंकून टाकले तर या बिअरचा महत्त्वाचा भाग निसटतो. गिळल्याबरोबर तोंड मिटून नाकातून श्वास सोडावा. घशामागून नाकात जाणारा हा गंध बाहेरून घेतलेल्या वासापेक्षा वेगळा असतो. पुष्कळदा बाहेरून फळे जाणवतात आणि आतून राळ.

आता मनात सावकाश तीसपर्यंत मोजावे आणि कडवटपणाचा प्रवास पाहावा. तो किती आहे यापेक्षा कसा आहे हे महत्त्वाचे. चांगला कडवटपणा घोटाच्या मध्यावर उठतो, ठाम राहतो आणि मग स्वच्छपणे मागे हटतो, आणि त्याच्या जागी पुढच्या घोटाची इच्छा येते. वाईट कडवटपणा जिभेच्या मुळाशी औषधी गोळी विरघळल्यासारखा चिकटून बसतो. तोंड आखडणे, हिरड्या कोरड्या पडणे, कच्ची सुपारी चघळल्यासारखे वाटणे ही तुरटपणाची लक्षणे आहेत. तो हॉप्सच्या पानांतल्या आणि माल्टच्या टरफलांतल्या पॉलिफेनॉलमुळे येतो. त्याची नोंद वेगळी करावी, कारण नवखे चाखणारे त्यालाही कडवटपणाच्या खात्यावर टाकतात.

लेबलवरच्या आयबीयूच्या आकड्याला इथे फार मान देऊ नये. तो साधारणपणे एका लिटरमधल्या रूपांतरित अल्फा आम्लांचे मिलिग्रॅममधले प्रमाण सांगतो, आणि अनेकदा तो प्रयोगशाळेत मोजलेला नसून कृतीवरून काढलेला असतो. शिवाय बिअरमध्ये ही आम्ले साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळून राहू शकतात. गोडवा जास्त असेल तर ८० आयबीयूही सौम्य लागतात आणि बिअर कोरडी असेल तर ६० सुद्धा टोचतात.

कोरडेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण डबल आयपीए घसरते ती इथे. अल्कोहोल वाढवायचे तर माल्ट वाढवावे लागते, माल्ट वाढले की न आंबलेली साखर मागे राहते आणि बिअर सरबतासारखी जड होते. म्हणून जाणते ब्रुअर माल्टचा काही भाग कमी करून साधी साखर वापरतात. यीस्ट ती पूर्ण फस्त करते, अल्कोहोल मिळते आणि वजन वाढत नाही. प्लिनीच्या कृतीतही अशी साखर आहे. गिळल्यानंतर ओठ एकमेकांना चिकटत असतील तर या कसरतीत ब्रुअरचा तोल गेला आहे असे समजावे. अल्कोहोल छातीत मंद उबेसारखे जाणवले तर हरकत नाही. घशात आग झाली किंवा नाकात नेलपॉलिशचा वास गेला, तर किण्वन फार उष्ण तापमानाला झालेले असण्याची शक्यता असते.

यानंतर ग्लास अर्धा होईपर्यंत थांबावे, थोडा पाव खावा, पाणी प्यावे आणि बिअर बारा-तेरा अंशांपर्यंत आली की पुन्हा हुंगावी व चाखावी. माझा अंतिम निर्णय मी याच टप्प्यावर घेतो. थंड असताना चमकदार वाटलेली कितीतरी बिअर इथे गोडसर आणि थकलेली निघते, आणि थोड्याच बिअर इथे अधिक खुलतात.

धूसर प्रकारासाठी वेगळे माप

व्हरमाँटमधल्या अल्केमिस्ट ब्रुअरीच्या ८ टक्क्यांच्या ‘हेडी टॉपर’ने ज्या धूसर पद्धतीला वाट करून दिली, तिच्यातल्या ताकदवान बिअरला वरचे सगळे निकष जसेच्या तसे लावू नयेत. तिथे ओट आणि गव्हामुळे बिअर मऊ असते, पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइडला प्राधान्य असते आणि कडवटपणा मुद्दाम खाली ठेवलेला असतो. धूसरपणा हा तिचा दोष नाही. मात्र तळाशी हिरवा गाळ आणि घशात टोचणारी जळजळ असेल तर हॉप्सचे कण नीट खाली बसलेले नाहीत. फिकट पिवळ्या रंगाऐवजी राखाडी-तपकिरी झाक दिसली तर तिला ऑक्सिजन लागला आहे. अशी बिअर चाखण्याआधीच निम्मी हरलेली असते.

दोष ओळखताना

ओला पुठ्ठा आणि मध हे शिळेपणाचे, उग्र गंधक हे उन्हाचे, असे वर आलेच आहे. त्याखेरीज लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअॅसिटिलचा असतो. भरपूर ड्राय हॉपिंग केलेल्या बिअरमध्ये हा दोष एका खास कारणाने येतो: हॉप्समधली विकरे उरलेल्या न आंबणाऱ्या शर्करेचे तुकडे करतात, यीस्ट पुन्हा कामाला लागते आणि ब्रुअरने घाईने बिअर भरली असेल तर हा वास मागे राहतो. उकडलेल्या कणसाचा वास डायमिथाइल सल्फाइडचा, तर हिरव्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा. घामट मोजे किंवा जुने चीज आठवले तर हॉप्सच जुने वापरलेले असण्याची शक्यता आहे. कांदा-लसणाचा वास काही जातींचा स्वभावच आहे. तो हलका असेल तर मी तो सोडून देतो, पण फळांवर मात करत असेल तर नाही.

गुण आणि टिपण

बीजेसीपीच्या पत्रिकेत ५० पैकी गुण देतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. ही विभागणी घरीही वापरावी, कारण तिच्यामुळे रूपावर भाळून किंवा नावाला भुलून दिलेले गुण आवरले जातात. ३८ च्या वर गुण देताना हात थोडा थांबवावा आणि ४५ च्या वर क्वचितच जावे.

टिपणात ‘छान, फळांचा वास, जरा कडू’ असे लिहून उपयोग नाही. सहा महिन्यांनी त्यातून काहीच आठवत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘पॅकिंगला पाच आठवडे. पहिला वास पपनसाच्या सालीचा, मग ओली राळ. माल्ट पावाच्या कवचाइतकेच. कडवटपणा मध्यावर उठतो, वीस मोजेपर्यंत स्वच्छ उतरतो. ओठ चिकटत नाहीत. अल्कोहोल छातीत, घशात नाही. कोमट झाल्यावर कडेला थोडा मध. दोन आठवड्यांपूर्वी प्यायला हवी होती.’ तारीख, तापमान आणि ग्लास यांची नोंद प्रत्येक वेळी असावी.

नाक तयार करण्यासाठी मी एक प्रयोग आवर्जून सुचवतो. एकाच तारखेचे आयपीएचे दोन कॅन घ्यावेत, एक फ्रिजमध्ये आणि एक स्वयंपाकघरातल्या कपाटात तीन आठवडे ठेवावा, मग दुसरा कॅनही रात्रभर थंड करून घरातल्या कोणाकडून तीन सारख्या ग्लासांत आपल्या नकळत ओतून घ्यावा: दोन ग्लासांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, कोणत्या दोन हे ओतणाऱ्यालाच ठाऊक. वेगळा ग्लास कोणता हे फक्त वासावरून सांगायचा प्रयत्न करावा, मग घोट घेऊन. नुसत्या अंदाजानेही तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून हा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करावा, आणि ओळखता आले नाही तर पुढच्या वेळी कपाटातला कॅन आणखी दोन आठवडे जास्त ठेवावा.